जीप भरेपर्यंत

जव्हारला नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, ही मुलगी रस्ता चुकली आहे. स्टँडबाहेर मोखाड्याकडे जाणाऱ्या जीप ओळीने उभ्या असतात. त्यातल्या पहिल्या जीपमध्ये, मधल्या सीटवर, वनिता रोज दुपारी बसलेली असे. मांडीवर पुस्तक, आजूबाजूला तीन-चार पोरंपोरी आणि तोंड अखंड चालू. हळूहळू जीप भरायची. ड्रायव्हर किल्ली फिरवायचा. आणि नेमकी तेव्हा वनिता खाली उतरायची. तिच्या मागोमाग पोरं. मग सगळे मागच्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन बसायचे आणि वनिता अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करायची.

"ती ताई रोज जाते तरी कुठं?" स्टँडवरच्या फळवाल्याने मला एकदा विचारलं.

"कुठेच नाही," मी म्हणालो. "विद्यापीठाचं काम करते."

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. विद्यापीठाबद्दल त्याचं जे मत होतं, ते बहुधा पक्कं झालं असावं.

पण मी खोटं बोललो नव्हतो. वनिता आमच्या कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि मी तिथे तोच विषय शिकवतो. मध्यंतरी विद्यापीठाचं परिपत्रक आलं. सायन्सला नव्याने आलेल्या मुलांना वरच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने हाताशी धरावं. अभ्यास, पुढची नोकरी आणि छंद यांचा मेळ कसा घालायचा ते दाखवावं. अशा विद्यार्थ्याला 'मेंटॉर' म्हणावं. आणि त्याच्यावर देखरेखीला एक प्राध्यापक नेमावा. ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं, तिला मी उशिरा पोचलो. त्यामुळे तो प्राध्यापक मी झालो.

वनिता मात्र स्वतःहून आली. "सर, मी करते," म्हणाली. मी तिला ग्रंथालयामागची एक खोली मिळवून दिली. टेबल, दोन खुर्च्या, दारावर पाटी. आठवडाभर ती त्या खोलीत बसली आणि एकही मूल फिरकलं नाही. मला फार वाईट वाटलं. तसं मला वाईट वाटायला मोठं कारण लागत नाही. कोणी आग्रहाने चहा पाजला, तरी त्याचं दूध संपलं असेल का, या विचाराने मी बेचैन होतो. पण या वेळी वाटलं की मुलीचा वेळ आपण फुकट घालवला.

"सर, चूक तुमची नाही, खोलीची आहे," वनिता म्हणाली. "पोरं घाबरतात. त्या खुर्चीत बसलं की आपण काहीतरी केलंय असं वाटतं. आणि कॉलेज सुटलं की सगळी पळतात स्टँडवर. तिथे जीप भरेपर्यंत तासभर नुसती बसून असतात. मी तिकडेच जाते."

अशी ती जीपमध्ये गेली. वर्ग संपला, की पोरं मिळेल त्या जीपने घरी जायची.

पहिल्या दिवशी काशिनाथ ड्रायव्हर तिच्यावर ओरडला. "जायचं नाय तर बसता कशाला? गाडी हाय का बालवाडी?" वनिता म्हणाली, "दादा, भरली की उतरतो." पण त्या दिवशी काशिनाथची जीप इतरांच्या निम्म्या वेळात भरली. दुसऱ्या दिवशीही तेच. आमच्याकडे रिकाम्या जीपमध्ये कोणी चढत नाही. ही कधी सुटायची, म्हणत माणूस टपरीवर चहाला जातो. आत चार डोकी दिसली, की तोच माणूस चहा टाकून पळत येतो. काशिनाथला हे कळायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी त्याने मधल्या सीटवर धुतलेली चादर घातली.

पुढे इतर ड्रायव्हरांची त्यावरून भांडणं लागली. "ताई, काल त्याच्यात बसलात. आज आमच्या गाडीत घ्या ना फिजिक्स." वनिताने शेवटी नियम केला, की रांगेत जी पहिली, तिच्यातच वर्ग. वशिला चालणार नाही.

मला मात्र ते पटत नव्हतं. एखादी म्हातारी, जीप सुटलीच असं समजून, डोक्यावरची टोपली सांभाळत धावत यायची, आणि ती बसली रे बसली की चार पोरं उतरायची. ही फसवणूकच नाही का? मी वनिताला तसं म्हणालो.

"सर, आम्ही बसलो नसतो, तर म्हातारी अजून टपरीवरच असती," ती म्हणाली. "पहिलं कोणीतरी बसावं लागतं आणि पहिलं बसायला कोणी तयार नसतं. आम्ही उत्प्रेरक. क्रिया घडवायची आणि जसंच्या तसं बाहेर."

माझाच विषय तिने माझ्यावर उलटवला.

तिची शिकवण सगळी त्या सीटवरून निघालेली होती. मनीषा नावाची पहिल्या वर्षाची एक मुलगी, मोखाड्यापुढच्या पाड्यावरची, एकदा तिच्याजवळ रडत बसली होती. मीही त्या दिवशी मागच्या बाकावर होतो; देखरेख करायची म्हणून अधूनमधून जाऊन बसायचो.

"काय काय आहे तुझ्याकडे?" वनिताने विचारलं.

"सायन्स. पोलीस भरतीचं पळणं. घरी पाणी, भाकऱ्या."

"आणि?"

"आणि काय ताई? जागाच नाय."

"ह्या सीटवर किती माणसं बसतात?"

"चार."

"कंपनीने किती जणांची बनवली?"

"तीन."

"मग? सरकून घे."

मनीषाने डोळे पुसले. "चौथा अर्धाच बसतो ताई."

"अर्धा बसला तरी मोखाड्याला पूर्णच उतरतो ना?"

जीपमधले खरे प्रवासीही हसले. चौथा म्हणजे छंद. तो हवाच, यावर वनिता अडून बसायची. मनीषाने बराच वेळ आढेवेढे घेतले आणि मग हळूच सांगितलं, "मला शिट्टी वाजवता येते. पण आई ओरडते." वनिता म्हणाली, वाजव. मनीषाने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली, की पुढे उभ्या असलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनेच मारली. त्याने गाडी काढली. कंडक्टर खाली पावत्या मोजत उभा होता, तो बसमागे धावला.

"झालं," वनिता म्हणाली. "भरती झालीस की उपयोगीच पडेल. तोवर आईपासून लांब जाऊन सराव कर."

माझीही सुटका नव्हती. एकदा जीप भरायला फारच वेळ लागला, तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "सर, तुमच्या सीटवर कोण कोण?"

"नोकरी," मी म्हणालो. "घर." आणि थांबलो. मग जे खरं होतं ते सांगितलं. "आणि काही ना काही चुकल्याची खंत."

"ती फार पसरून बसलीय, सर," वनिता म्हणाली. "तिला आधी सरकवा."

इतक्या वर्षांत माझं निदान इतकं नेमकं कोणी केलं नव्हतं, आणि तेही पोराटोरांसमोर. इलाज म्हणून ती मला मोखाड्याला क्रिकेटच्या सामन्यांना घेऊन गेली.

तिथे तिचा चौथा होता. टेनिस बॉलच्या सामन्यांना वनिता माईकवर बसायची. आधी तिथे एक दादा समालोचन करायचे, पण त्यांचा घसा बसला म्हणून एका दुपारी तिच्या हाती माईक आला, आणि तो परत मागायची कोणाची छाती झाली नाही. मांडवात टेबलामागे ती बसली, की मैदानाची प्रयोगशाळा व्हायची.

"चेंडूवर घर्षण काम करतंय, गुरुत्वाकर्षण काम करतंय, हवेचा विरोध काम करतोय. काम करत नाही तो फक्त लाँगऑनचा खेळाडू!"

"फलंदाज स्थिर अवस्थेत. बाहेरून बल लावल्याशिवाय धावणार नाही, असं दिसतंय. दुसऱ्या टोकाच्या गड्याने बल लावलेलं आहे, मंडळी! शिव्यांच्या स्वरूपात!"

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचं भाषण फार लांबलं. त्यांच्या हातात एक माईक आणि हिच्या हातात दुसरा. ते मधे श्वास घ्यायला थांबले, तेव्हा हिने शांतपणे जाहीर केलं, "पाहुणे बोलत आहेत. जडत्वाचा नियम लक्षात घेता ते आपोआप थांबणार नाहीत. टाळ्या वाजवा, मंडळी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना वाटलं भाषण आवडलं. ते खूश होऊन बसले. तिच्या वतीने त्यांची माफी मागायला मी उठलो होतो. तिने मला हाताने खाली बसवलं.

आणि एकदा वर्गच पळाला, तीही गोष्ट सांगायला हवी. चाचणीचा दिवस होता. चाचणी दुपारनंतर होती, म्हणून वनिताने पोरांना शेवटची उजळणी करायला जीपमध्ये बसवलं. समीकरण असं रंगलं की जीप कधी भरली, कधी सुटली, कोणाच्याच लक्षात आलं नाही. काशिनाथच्याही नाही, तो आता मागे न बघताच गाडी काढायला लागला होता. घाट लागला आणि पोरं एकदम एका बाजूला कलंडली, तेव्हा उलगडा झाला. रेंज आहे अशा एका वळणावरून वनिताचा फोन आला. "सर, पेपर थोडा थांबवा. वर्ग मोखाड्याला निघालाय."

मी प्राचार्यांना सांगितलं की मुलं क्षेत्रभेटीला गेली आहेत. "रसायनशास्त्राची क्षेत्रभेट?" ते म्हणाले. "मोखाड्याला?" मी हो म्हणालो. त्या 'हो'ने मला आठवडाभर झोप लागू दिली नाही. पोरं परतीच्या जीपमध्ये राहिलेली समीकरणं सोडवत आली आणि झाडून सगळी पास झाली, हे वनिताच्या दृष्टीने शेवटचं उत्तर होतं.

अशी ही मुलगी. कोणाला काय सांगावं याची तिला कधी अडचण पडलेली मी पाहिली नाही. फक्त एक शब्द ती पोरांना वापरू देत नसे: 'बघू'. फॉर्म भरलास का? बघू. पळायला जाणार का? बघू. यावर ती ताडकन म्हणायची, "डोळे आहेत ना? मग आत्ताच बघ."

म्हणून यंदा उन्हाळ्यात मी चक्रावलो. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाली. मुलाखत मोबाईलवरच झाली होती, आमच्या प्रयोगशाळेत बसून. दोन वर्षांचं काम, पैसे मिळणार, राहायची सोय, पुढे पीएच.डी. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. मी पेढे आणले. तिने एक खाल्ला आणि म्हणाली, "बघू, सर."

पुढच्या आठवड्यात विचारलं. बघू, सर. त्याच्या पुढच्या आठवड्यात, हजर होणार की नाही हे कळवण्याची मुदत जवळ आली. बघू.

इथे मला एक कबूल करायला हवं. ती गेली नाही, तर आमचा उपक्रम आणखी एक वर्ष सुरळीत चालेल, मला काही करावं लागणार नाही, हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. आला आणि मी त्याला हाकललं. पण आला होता. त्यामुळेच असेल, रविवारी सकाळी मी काशिनाथला म्हटलं, मला वनिताच्या गावाला, साखरशेतला सोड. घरचे अडवत असतील, आपण समजूत घालू, असं मी ठरवून टाकलं होतं.

साखरशेतला तिचं घर कुडाचं, सारवलेल्या अंगणाचं. वडील, लहानू, अंगणात बसून कुदळीला दांडा ठोकत होते. वर्षातले काही महिने दुसऱ्यांच्या शेतावर, बाकीचे ठाण्याकडे बांधकामावर, असा त्यांचा जन्म गेलेला. वनिता चुलीशी होती. मला बघून तिचा हात थांबला. "सर, तुम्ही?" इतकंच, आणि तेही इतक्या हळू, की मला वाटलं हिला ताप असावा.

खाट टाकली गेली, पाणी आलं, कोरा चहा आला. आईने नाचणीची भाकरी थापायला घेतली. वनिता एका बाजूला खांबाला टेकून उभी राहिली.

"सर, एक विचारू का?" लहानू म्हणाले. "ही तिकडं बोलते का?"

मी हसलो. "बोलते का? मोखाड्याच्या मैदानावर हिचा आवाज पलीकडच्या डोंगरावर जातो!"

ते हसले नाहीत. त्यांनी मुलीकडे बघितलं. दुसऱ्याच कोणाच्या मुलीबद्दल मी बोलतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "घरी नाय बोलत," ते म्हणाले. "पयल्यासारखी नाय. आमाला वाटला, शिकली का माणूस गप होत असंल."

मी थेट मुद्द्यावर आलो. म्हणालो, पुण्याचं काम फार मानाचं आहे, तुम्ही तिला पाठवायला हवं.

"कोणचा पुण्याचा?" लहानू म्हणाले.

तव्यावरची भाकरी आईने उलटायची थांबवली. वनिता मान खाली घालून उभी होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मी उठून अंगणाच्या कडेला गेलो. ती मागून आली. मी म्हणालो, "वनिता, माझी चूक झाली. पण तू सांगितलं का नाहीस? ते नाही म्हणतील म्हणून?"

"हो म्हणतील म्हणून," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सायन्स घेते म्हटलं, ते म्हणाले घे. एम.एस्सी. करते म्हटलं, कर म्हणाले. काय आहे ते कळलं नाही, तरी हो म्हणाले. आता एवढं लांब जायचं, तेपण न कळता दिलेल्या 'हो'वर? मला तसं नको, सर."

"मग समजावून सांग. जीपमध्ये वाटेल त्याला समजावतेस."

"तिथे मराठीत सांगते. घरी मराठीत बोलायला लागले, की बाबा पाहुण्यासारखं ऐकतात. मान हलवतात. आणि आमच्या बोलीत त्या गोष्टींना शब्दच नाहीत. स्फटिकाला काय म्हणू? दोन-तीनदा सुरुवात केली. जमलं नाही. मग म्हटलं, गप्पच बसू."

मी सांगतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग लक्षात आलं, मी सांगितलं तर ते दुप्पट मान हलवतील. "मी तोंड उघडत नाही," मी म्हणालो. "तू तुला येईल तसं सांग. अडकलीस तर अडकलीस."

ती अंगणात परत गेली आणि वडिलांसमोर जमिनीवर बसली. आपल्या बोलीत बोलायला लागली. मला निम्मंशिम्मं कळत होतं. ती अडखळत होती. माईकवरची वनिता ही नव्हेच. मधेच थांबायची, एखादा शब्द टाकून द्यायची, दुसरा शोधायची. शेवटी तिने मातीत बोटाने ठिपके काढले, एकाखाली एक, सरळ रांगांत.

"आवणी," ती म्हणाली. आमच्याकडे भाताच्या रोपांच्या लावणीला आवणी म्हणतात. मिठाच्या खड्याच्या आत, हिऱ्याच्या आत, अगदी बारीक बारीक रोपं अशीच रांगेत लावलेली असतात, असं ती सांगत होती. डोळ्यांना न दिसणारी आवणी.

लहानूंनी कुदळ बाजूला ठेवली. "कोण लावतो?"

"आपोआप लागते, बाबा."

"मंग चुकत नाय?"

"चुकते!" वनिता एकदम मोठ्याने म्हणाली, आणि अंगणातली कोंबडी दचकली. "मधेच एखादी जागा रिकामी राहते. एखादी रांग वाकडी जाते. तेच बघायचंय पुण्याला. कुठे चुकली, आणि चुकल्याने काय होतं."

लहानू ठिपक्यांकडे बघत राहिले. मान हलवली नाही. मग त्यांनी बोटाने मधला एक ठिपका पुसला, आणि आजूबाजूच्यांकडे बघितलं. "ही मंग इकडं कलतील."

"हां! तसंच!"

आई चुलीजवळून उठून आली होती आणि हाताला पीठ तसंच ठेवून वाकून बघत होती. मग लहानू म्हणाले, "पुण्याला मीपण गेलतो. साईटवर. आमी आठ-दहा जणां होतो, सगली इकडचीच. दिवसभर ठेकेदाराची हिंदी. पण सांजचे जेवाला बसलो का आपली बोली. त्यावर दिवस निघत." त्यांनी मुलीकडे बघितलं. "तथं तुझेशी बोलाला कोण?"

वनिताने तोंड उघडलं. मी वाट बघत होतो. ही आता काहीतरी फटकन म्हणणार आणि सगळे हसणार. पण तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"कोण नाय, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तिथे नाय. इथे पण नाय."

लहानूंनी हे ऐकून घेतलं. नंतर ते हळूहळू बोलले. "मंग रोज सांजचे मला फोन लावाचा. काय बघलास, काय चुकला, सगला सांगाचा. आपले बोलीत."

"तुमाला नाय समजला तर?"

"नाय समजला तर नाय समजला. इचारीन. तरी नाय समजला तर हां म्हणीन. गोष्ट सांगणाऱ्याला हां म्हणणारा लागतो का नाय?"

"आन रेंज?" आई म्हणाली. "घरात तर टिकली येवढीपण येत नाय."

"टाकीजवळ येते. टाकीजवळ बसन."

"पावसात?"

"छत्री घेन गो. तू भाकर बघ, जळली."

भाकरी खरंच जळली होती. आई तिकडे धावली. वनिता हसायला लागली, आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. लहानू मात्र ठिपक्यांवरून नजर काढायला तयार नव्हते. त्यांनी पुसलेला ठिपका परत काढला, मांडी नीट घातली आणि म्हणाले, "हां. मंग पुढं?"

ती सांगायला लागली. या वेळी कमी अडखळत. प्रत्येक वाक्यानंतर ते हां म्हणत, ती पुढे जाई. बोली भरभर व्हायला लागली, तशी ती माझ्या हातून पार निसटली. काय चाललंय ते मला कळेना. खाटेवर बसून मीही हां म्हणत राहिलो.